कानाची कड

कुत्र्याच्या कानाची कड अंगठा आणि बोट यांत धरून हलकेच चोळायची. कुत्रा धडधाकट असेल तर तो फार तर मान काढून घेतो. खरूज असेल तर त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप उचलला जातो आणि हवेतल्या हवेत खाजवायला लागतो. कुत्र्याची इच्छा असो वा नसो. आमच्या धंद्यातली ही सर्वांत स्वस्त परीक्षा. काशीला असताना ती इतकी हातात बसली होती की एकदा एका बड्या अधिकाऱ्यांकडे चहाला गेले, तेव्हा यजमानीणबाईंच्या मांडीवरच्या गुबगुबीत पांढऱ्या कुत्र्याचा कान मी बोलता बोलता चोळला. पाय हलला. बाईंचा चेहरा उतरला आणि त्या घरून पुन्हा चहाचं बोलावणं आलं नाही.

माझं माहेर अमरावतीचं. पशुवैद्यकीची पदवी घेतली, लग्न केलं आणि नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी नव्वदीच्या सुरुवातीला काशीला जाऊन पडले. मैदागिनजवळ एक खोली घेऊन दवाखाना थाटला. लोक मला ‘डाक्टरनी जी’ म्हणत आणि बाईमाणूस म्हशीला सुई कशी टोचते ते बघायला जमत. म्हशींनी मला नाव मिळवून दिलं, पण माझा निम्मा वेळ खाल्ला तो कुत्र्यांनी, आणि त्यातला बहुतेक खरजेने.

ज्यांनी कुत्रं पाळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खरजेचा किडा डोळ्यांना दिसत नाही. मादी कातडीत शिरते, आत बोगदा खणत जाते आणि मागे अंडी घालत जाते. कान, कोपर, पोट, म्हणजे जिथे केस विरळ तिथे सुरुवात. मग केस झडतात, कातडी जाड होते, कुत्रं खाजवून खाजवून रक्तबंबाळ होतं, खाणंपिणं सोडतं आणि झिजून मरतं. उष्ण, दमट हवा आणि दाटीची वस्ती असली की एकाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही. माणसालाही चावतो, पण माणसाच्या अंगावर त्याचा संसार टिकत नाही. कुत्रं बरं झालं की माणसाची खाज आपसूक जाते. अंड्यांवर बहुतेक औषधं चालत नाहीत, म्हणून ती फुटून पिल्लं निघाली की पुन्हा औषध, मग पुन्हा. आणि अंथरूण उकळून उन्हात टाकायचं. एवढंच शास्त्र. पण लोक त्यावर गाडीचं जळकं तेल ओतत, फिनेल ओतत, एका सद्गृहस्थाने रॉकेल ओतलं होतं. किडा मरो न मरो, कुत्रं नक्की मरायचं.

दुर्गाघाटच्या गल्लीतून उषावहिनी आल्या तो चैत्र असावा. ऊन चांगलंच तापायला लागलं होतं. त्या बाकावर टेकल्या आणि पदराआड हात घेऊन खाजवत म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, घरी चला. कुत्र्याला दाखवायचंय, पण इथवर आणता येत नाही. गल्लीतले लोक दगड मारतात त्याला.”

रिक्षा सडकेवर सोडावी लागे. पुढे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं अशा गल्ल्या. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने माझ्या हातातली पेटी पाहिली आणि माझ्या येण्याचं कारण ओळखलं.

“डाक्टरनी जी, ई कुक्कुर के पार भेजवा देईं. पूरा मोहल्ला खजुआत हौ.”

पार म्हणजे गंगेच्या पलीकडे. तिथे नुसती वाळू. उन्हाळ्यात अंगावर केस नसलेलं कुत्रं तिथे सोडायचं याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घर अण्णांचं. अण्णा म्हणजे उषावहिनींचे सासरे, वैदिक, सत्तरीच्या पुढचे, कोकणातून कधीकाळी आलेल्या घराण्यातले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मुलगा मधुकर बँकेत होता आणि त्याची मराठी वाटेत हिंदीचे डबे जोडत जोडत धावायची. आणि दाराबाहेरच्या दगडी ओट्यावर शंभू. लांब नाक, गळ्याभोवती पांढऱ्या केसांची उरलीसुरली झालर. वरच्या मजल्यावर सतार शिकायला राहिलेल्या एका परदेशी मुलीने तो पिल्लू असताना पहाडातून आणला होता. ती मायदेशी गेली, हा राहिला. अण्णांनी त्याला कधी शिवलेलं नव्हतं, कारण सोवळं. पण हाकललंही नव्हतं. तो उंबऱ्याबाहेर, हे आत, असा त्यांचा सहवास चालला होता.

मी कान चोळला. पाय असा सुटला की शंभूचा तोल गेला. अण्णा दारात उभे राहून लक्षपूर्वक बघत होते.

“हे काय केलंत?”

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि उपरण्याखाली स्वतःचा दंड खाजवला. तेवढ्यात मधुकर मागून म्हणाला, “बघा ना. बाबा यजमानाकडे संकल्प सांगताना खाजवत बसतात. लोक काय बोलतील? दोन ठिकाणी तर दुसरा भटजी बोलावला. मी साफ सांगितलंय, महिन्याभरात ठीक झालं तर झालं, नाहीतर नाववाल्या मल्लाहाला सांगून पार.”

अण्णा शंभूकडे बघत राहिले. म्हणजे मुलाचं म्हणणं त्यांना कळत होतं आणि पटत नव्हतं.

मी ब्लेडने कातडी खरवडून नेली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आठ पायांचे गोल गोल किडे बागडत होते. शंभूचे उरलेले केस कापले, गंधकाच्या औषधात त्याला भिजवायला सुरुवात केली. औषध अंगावरच वाळू द्यायचं, धुवायचं नाही, हे बजावून सांगितलं. त्याच्या अंथरुणाचं गोणपाट जाळायला लावलं. शंभू सुधारायला लागला. आणि मग पुन्हा बिघडला. पुन्हा औषध, पुन्हा सुधारणा, पुन्हा तेच. महिना निम्मा उलटला होता. औषध कुणी धुतंय का, म्हणून वहिनींना खोदून विचारलं. त्या जवळजवळ रडकुंडीला आल्या.

शेवटी एके दिवशी मी न सांगता भर दुपारी गेले आणि ओट्यासमोर उभी राहिले. आतून अण्णा सोवळ्यात बाहेर आले, हातात पानावर भात. रोज वैश्वदेव झाला की कावळ्याचा, गाईचा आणि कुत्र्याचा घास बाहेर ठेवल्याशिवाय ते जेवत नसत. त्यांनी “या, या, या!” अशी खणखणीत हाक मारली. गल्लीच्या सगळ्या फटींतून कुत्री धावत आली. त्या मोहल्ल्यात इतकं चांगलं मराठी समजणारी तरुण पिढी तेवढीच असावी. घास खाऊन ती सगळी जनावरं ओट्यावरच्या सावलीत शंभूला चिकटून आडवी झाली. एकूण एक खरजलेली.

मी कपाळावर हात मारला. मी एका कुत्र्याला धूत होते आणि रोज दुपारी धर्म त्याला किडे परत आणून देत होता.

म्हणजे सगळ्या गल्लीला औषध द्यायला हवं. पण भटक्या कुत्र्यांना धरून भिजवणार कोण? त्या सुमाराला गुरांसाठी एक नवं औषध बाजारात आलं होतं. कुत्र्यांना तोंडाने दिलं तरी चालायचं, खरजेला रामबाण. मात्र लांब नाकाच्या मेंढपाळी जातीच्या कुत्र्यांना ते विष. बाकी कुत्र्यांच्या मेंदूपर्यंत जे पोचत नाही ते यांच्या पोचतं. का, ते शास्त्रज्ञांना पुढे बऱ्याच वर्षांनी उमगलं. तेव्हा फक्त देऊ नका एवढंच छापलेलं असे. आणि शंभूचं नाक मी पाहिलं होतं.

मी अण्णांना विचारलं, “तुमच्या घासात औषध मिसळू का?”

“नाही,” ते म्हणाले. “तो घास माझा नाही, यमाच्या कुत्र्यांचा आहे. त्यात भेसळ करायची नाही.” मी हिरमुसले. मग तेच म्हणाले, “पण माझं झालं की हाक मारलेलीच असते. कुत्री उभी असतात. मग तुम्ही तुमचा घास घाला.”

तसं ठरलं. मी पेढे आणले. प्रत्येक कुत्र्याच्या वजनाचा अंदाज घेऊन पेढ्यात औषध भरायचं आणि ज्याचं त्याला हाताने द्यायचं. शंभूला तेवढा वेळ बाहेरच्या जिन्याखाली बांधायचं. तो केविलवाणा रडे, म्हणून त्याच्यासाठी एक साधा पेढा वेगळा. घरातल्या प्रत्येकाला मी दोन दोनदा सांगितलं की हे औषध शंभूच्या पोटात जाता कामा नये. पहिली खेप सुरळीत पार पडली. गल्लीतल्या कुत्र्यांच्या अंगावर बारीक लव दिसायला लागली, शंभूही गंधकाच्या औषधावर सुधारला. मधुकरने महिन्याची मुदत थोडी वाढवली. पानवाल्याने एकदा चक्क मला पान लावून दिलं.

दुसऱ्या खेपेला भुरी नावाची कुत्री आली नाही. कुठेतरी व्याली होती. तिचा पेढा पानात बांधून मी वहिनींकडे दिला. “आली की घाला. तोवर उंच ठेवा.” वहिनींनी तो दाराच्या कोनाड्यात ठेवला, शंभूचा हात पोचणार नाही इतका उंच.

अण्णांचा हात पोचत होता.

दुपार कलता कलता वहिनी दवाखान्यात आल्या त्या पायांत चप्पल न घालता. “शंभू झिंगतोय. भिंतीवर आदळतोय.” मी पेटी उचलली. रिक्षात बसल्यापासून मला कोनाडाच दिसत होता. गल्लीत शिरल्यावर मी धावायला लागले, आणि त्या गल्ल्यांत साडी नेसून धावणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

शंभू ओट्यावर पाय फाकून उभा होता. तोंडातून लाळ. बाहुल्या इतक्या मोठ्या झालेल्या की डोळे काळेभोर दिसत होते. त्याच्या नाकासमोर हात हलवला तरी पापणी लवली नाही. कोनाड्यात नुसतं पान होतं.

“मी घातला,” अण्णा म्हणाले. दारातच उभे होते. “मला वाटलं त्याचा साधा पेढा राहिलाय. श्वानाच्या नावाने काढलेलं परत घरात येत नाही. उद्यावर ठेवता येत नाही. तो समोर बसला होता.” मग खालच्या आवाजात विचारलं, “उतारा काय?”

“उतारा नाही, अण्णा.”

यात चूक कुणाची ते मी आजही ठरवायला बसत नाही. पेढे एकसारखे दिसतात आणि अण्णांचा नियम त्या कोनाड्यापेक्षा जुना होता. तेव्हा तर विचार करायलाही सवड नव्हती. पेढा खाऊन कितीतरी वेळ झाला होता, ओकवून उपयोग नव्हता. गिळता येत होतं तोवर नळीने पोटात कोळशाची पूड घातली, सलाईन लावलं. ओट्यावर ऊन येऊ लागलं होतं. दगड तव्यासारखा तापला होता. मी इकडेतिकडे पाहिलं.

“आत घ्या,” अण्णा म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे. शंभूने तो उंबरा जन्मात ओलांडला नव्हता. तळमजल्यावरच्या ज्या गार खोलीत अण्णा विद्यार्थ्यांना संथा देत, तिथे आम्ही त्याला चटईवर आडवा केला. दिवेलागणीपर्यंत त्याचे पाय थरथरत होते. मग थरथरही थांबली. श्वास तेवढा चालू.

अशा वेळी डॉक्टर फार काही करू शकत नाही. औषध हळूहळू आपलं आपण उतरायचं. तोवर जनावर जिवंत ठेवायचं. एका कुशीवर पडून राहिलं तर फुप्फुसात पाणी भरतं, म्हणून थोड्या थोड्या वेळाने कूस बदलायची. डोळे मिटत नाहीत, म्हणून मलम घालायचं. अंग तापू द्यायचं नाही, ओलं फडकं फिरवत राहायचं. एकट्याने कूस बदलणं जमत नाही; डोकं एकाने आणि कंबर दुसऱ्याने धरावी लागते. मला दवाखाना होता, वहिनींना स्वयंपाक.

“मी धरतो डोकं,” अण्णा म्हणाले.

पहिल्यांदा डोकं धरून झालं आणि ते उठून घाटावर गेले. गंगेत बुडी मारून, ओलेत्याने, त्या सगळ्या पायऱ्या चढून परत आले. तोवर पुन्हा कूस बदलायची वेळ झाली होती. पुन्हा डोकं धरलं, पुन्हा घाट. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा भिंतीला धरून उभे राहिले. वहिनी घाबरून म्हणाल्या, “अण्णा, अहो तबियत बिघडेल. मी शेजारच्यांना बोलावते.” चौथ्यांदा ते घाटावर गेले नाहीत. शंभूजवळ भिंतीला टेकून बसले आणि तिथेच बसून राहिले.

सोवळं गेलं म्हणजे वैश्वदेवही गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथेच होते. नेहमीच्या वेळेला कुत्री ओट्यापुढे येऊन उभी राहिली. हाक आली नाही. ती दाराकडे बघत तशीच थांबली, एक जरासं भुंकलं, मग गप्प झालं. आत अण्णा डोळे मिटून बसले होते. ऐकू येत होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी वहिनींनीच नुसता भात नेऊन ठेवला.

“या घरात कधी चुकला नव्हता,” परत येऊन त्या मला हळूच म्हणाल्या. मी सलाईनचा थेंब मोजत असल्यासारखं केलं.

मधुकर वाईट माणूस नव्हता. रात्रीची पाळी तोच जागवत होता आणि सकाळी बँकेत जात होता. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी पोचले तेव्हा तो दाराशी माझीच वाट बघत उभा होता. हातात घडी केलेलं पोतं होतं.

“मॅडम, आता आणखी किती? बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. पाठ धरलीय त्यांची. ते उठत नाहीत, हा उठत नाही. तुमच्याकडे ती सुई असते ना? देऊन टाका. मल्लाहाला सांगून ठेवलंय, मी स्वतः घेऊन जातो.”

ती सुई माझ्याकडे होती. पेटीतच होती. आणि खरं सांगायचं तर आदल्या संध्याकाळपासून माझ्याही मनात तेच घोळत होतं. श्वास उथळ झाला होता. पायाच्या बोटांमधली कातडी चिमट्याने दाबली तरी पाय मागे घेत नव्हता. पुस्तकात लिहिलेलं असतं की अशी कुत्री आठवड्यांनीही उठतात. पण पुस्तकातल्या कुत्र्याशेजारी एक सत्तरीचा म्हातारा उपाशी बसलेला नसतो. जनावराचे हाल थांबवणं हे आमचं काम आहे, पण त्या दिवशी नेमके कुणाचे हाल थांबवायचे तेच मला कळेना. भीती वाटत होती. चुकीच्या बाजूला हात गेला तर तो परत घेता येत नाही.

मी आत गेले. पेटी उघडली. अण्णांनी पेटीकडे पाहिलं, मग दारातल्या पोत्याकडे. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

“बाई,” ते म्हणाले, “द्यायची असेल तर द्या. मी अडवणार नाही. माझ्याच हातून गेलाय तो. फक्त आधी तुमची ती परीक्षा करा.”

“कुठली?”

“कानाची.”

मला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. “अण्णा, ती खरजेची परीक्षा आहे. याच्या शुद्धीचा आणि तिचा काही संबंध नाही.”

“असेल. पण आज सकाळपासून मी करतोय. एकदा मला वाटलं… माझे डोळे धड नाहीत. तुम्ही बघा.”

त्यांनीच हात पुढे केला. आयुष्यभर दर्भ आणि पळी धरलेली ती बोटं. शंभूच्या कानाची कड त्यांनी अगदी मी धरते तशी, अंगठा आणि बोटात धरली आणि चोळायला लागले. काही झालं नाही. ते चोळत राहिले. मधुकर दारातून पुढे आला. मी शंभूच्या मागच्या पायावर डोळे लावून बसले होते.

पाय हलला.

जरासाच. नख चटईवर घासलं, एवढाच आवाज. अण्णांनी हात काढला नाही. पुन्हा घासलं, या वेळी दोनदा, आणि मग तो पाय हवेत उचलला गेला आणि वेडावाकडा का होईना खाजवायला लागला.

कालपासून चिमट्यालाही न हललेला पाय हलत होता. मी पेटी बंद केली. या परीक्षेत कुत्रं नापास झालेलं बघून आनंद झाल्याची ती माझ्या सगळ्या नोकरीधंद्यातली एकुलती एक वेळ. मधुकर पोतं घेऊन आत निघून गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. शंभू पुढे काही दिवसांनी डोकं उचलू लागला, मग लटपटत उभा राहिला, त्याला दिसायलाही लागलं. अण्णांनी प्रायश्चित्त घेतलं आणि पुन्हा सोवळ्यात वैश्वदेव करू लागले. वर्षादोन वर्षांत आमची बदली झाली. त्या गल्लीत पुन्हा खरूज आली की नाही, आली तर कुणी सगळ्या कुत्र्यांना औषध घातलं का, याची रुखरुख मात्र मला अजून लागते. एक गल्ली धुऊन खरूज जात नाही, तेवढं मला समजत होतं.

पण ते सगळं नंतरचं. त्या घटकेला, पाय अजून हलत होता तेव्हा, अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, “पाय हलतोय म्हणजे खरूज आहे अजून?”

“आहे, अण्णा. खाज तरी आहे.”

“असू दे,” ते म्हणाले. आणि शंभूच्या कानावरचा हात न काढता, दुसऱ्या हाताने उपरणं सारून स्वतःचा दंड खराखरा खाजवत म्हणाले, “मलाही आहे.”